आधी ओळख द्यायची नाही

इंदू, सोमवारी मेट्रनबाईंना उत्तर द्यायचं आहे आणि तू जाऊन बसलीस. असं कुणी करतं का? भांडण अर्धं टाकून? आमच्यात मेलेल्या माणसाशी बोलायची रीत नाही. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर रविवारी चर्चच्या दारातच थांबवून माझी समजूत घालतील. घालू देत. ड्यूटी संपली की पायरीवर बसून तुझ्याशी तंडायचं, ही सवय इतक्या वर्षांची. कावीळ तुला झाली, माझी सवय कशी जाईल?

उत्तर कशाचं ते तुला माहीत आहे. मला बाळंतिणींच्या वॉर्डात घेतायत. मीच किती वर्षं मागत होते. आणि मिळालं तेव्हा तू खाटेवर पिवळीजर्द होऊन पडलेली. मी तुला सांगितलं, तर तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "जा की. तुला कुणी धरून ठेवलंय?" त्यानंतर तू पाणी मागितलंस, उशी सरळ कर म्हणालीस, पण माझ्याशी म्हणून बोललेलं ते शेवटचं. डोक्यातून जात नाही माझ्या. रागानं म्हणालीस, की खरंच मोकळं केलंस? तुझं आपलं नेहमीचंच. एक वाक्य टाकायचं आणि पलीकडच्यानं बसावं ते उसवत.

आपला वॉर्ड दवाखान्याच्या पार मागं, विहिरीपलीकडे. कागदोपत्री त्याला काहीतरी भलंमोठं नाव आहे, पण नगरात टांगेवाला विचारायचा तो एवढंच, "वेड्यांकडं का?" खिडक्यांना जाळी, दाराला भक्कम कडी, आणि पॅराल्डिहाइडचा तो वास. झोपेचं औषध, पण द्यायचं पेशंटला आणि मुरायचं आपल्या साडीत. आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, जेवताना आपलं ताट उचलून दारात जाऊन बसायचे. तोंडानं अवाक्षर नाही, नुसतं ताट उचलायचे. तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरधरून हसलीस. तुझ्या घरी ताट उचलणारं कुणी नव्हतं. लग्न होऊन घडीभर झालं नाही तोवर कपाळ पुसलं गेलं, आणि सुप्याच्या तुझ्या भावानं, आबांनी, सगळ्या भावकीची बोलणी खाऊन तुला नर्सिंगला घातलं. आबा म्हणजे तुझं सगळं माहेर. ते ठाऊक होतं म्हणूनच पुढं मला तुझा इतका राग आला.

मागं पुण्याहून एक डॉक्टर आले होते, आठवतंय? आपल्याला ओळीनं बाकांवर बसवलं आणि विचारलं, या कामात तुम्हाला समाधान वाटतं का? आपण सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. असलं कधी कुणी विचारलंच नव्हतं. किती बेडपॅन, किती चादरी, किती शॉक दिले, हे विचारायचे. तू उठून 'हो' म्हणालीस, शाळेत हजेरी द्यावी तशी. मी म्हणाले, मला नाही वाटत. मेट्रनबाईंनी डोळे वटारले. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर मी सांगून टाकलं. अंगावर कुणी थुंकतं, त्याचं काही वाटत नाही, आजारी माणूस ते. पण बरं होऊन गेलेलं माणूस रस्त्यात तोंड फिरवतं, ते लागतं. बिचारे मान हलवत राहिले, चहा घेतला आणि गेले. आपलं मात्र त्या संध्याकाळी जे जुंपलं ते जुंपलंच.

माझं म्हणणं साधं होतं, अजून तेच आहे. बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर बाजारात गेली की बायका तिला थांबवतात, पोरगं पुढं करतात, ह्यांच्याच हातचा हा म्हणतात. वर पेढे. पाय मोडलेलासुद्धा धड चालायला लागला की दवाखान्यात येऊन चालून दाखवतो. आणि आपण? कापडबाजारात आपली एक पेशंट समोरून आली. जिला तू महिनोन् महिने घास भरवलेस, ती तुला बघून सरळ भांड्यांच्या दुकानात शिरली. आणि तू खूश! "बघितलंस? किती चटकन ओळखलं तिनं. डोकं ठिकाणावर आहे." मी म्हटलं, डोंबल तुझं. तर तू भर बाजारात मला समजावायला लागलीस की तिला लपवावंसं वाटतं, म्हणजे तिला घर आहे, शेजार आहे, अब्रू आहे, ते सगळं तिला परत मिळालं, आणखी काय पाहिजे? मला पाहिजे होतं, इंदू. एक 'कशा आहात सिस्टर' पाहिजे होतं. त्यात माझं काय चुकलं?

नवीन मुलगी कामावर आली की औषधांचं कपाट दाखवायच्या आधी तू तिला सांगायचीस, बाहेर पेशंट भेटली तर आधी ओळख द्यायची नाही. लग्नात, एसटीत, बाजारात, कुठंही. एकीनं विचारलं होतं, आणि तिनंच दिली तर? तू म्हणालीस, तशी वेळ येत नाही. ती मुलगी हसली. मी नाही हसले.

आणि ते बांगड्यांचं. आपल्या वॉर्डात काचेची बांगडी चालत नाही, भरात फोडून घेतली तर हात चिरायचा. दाखल करतानाच काढून घ्यायच्या. नवरा समोर धडधाकट उभा असताना बाई आपल्या उघड्या मनगटांकडे बघून जो आकांत करायची, तो माझ्यानं ऐकवायचा नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी तू कासारणीला बोलावून घ्यायचीस. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बाईला बसवून दोन्ही हात हिरव्या काचेनं भरायचे आणि मग निरोप. सगळं जग निरोप देताना 'या परत' म्हणतं. आपण म्हणायचो, परत येऊ नका हं. ती हसायची, तिचा नवरा कसानुसा हसायचा आणि बांगड्या वाजत फाटकाबाहेर पडायच्या. त्या वेळी तू आपले हात पदराखाली घ्यायचीस. मी बघितलंय ते. बोलले कधी नाही.

आता तिसगावचं. त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगितलं म्हणून लिहितेय. नाव तरीही लिहीत नाही, नाहीतर तू उठून बसशील.

आबांची शकू लग्नाची झाली आणि तिसगावचं स्थळ आलं. विहिरीवर थोडी बागाईत, मुलगा शिकलेला. आबा घर बघायला निघाले ते तुला बरोबर घेऊन. तू नाना तऱ्हेची माणसं बघतेस, घर कसं आहे ते तूच सांग, असं म्हणाले. तुम्ही ओसरीवर बसलात आणि मुलाची आई पाणी घेऊन बाहेर आली. आपली पेशंट. कडुलिंबाखाली तूच तिचे हात भरून घेतले होतेस. तिनं तुला बघितलं आणि तिच्या बांगड्या तबकावर किणकिणल्या, एवढंच. तू पेला उचललास आणि विचारलंस, "माहेर कुठलं तुमचं?" अगं, तिचं माहेर, तिची भावंडं, ती लहानपणी कुठल्या विहिरीत पडता पडता वाचली, सगळं तुला पाठ! ती म्हणाली, शेवगावकडलं. तू म्हणालीस, हो का. झालं. परत येताना एसटीत आबांनी विचारलं, कसं वाटलं घर? तू सांगितलंस, चांगलं आहे, शकू सुखात राहील.

शकू सुखातच होती, ते खरं. पण दुष्काळाच्या पहिल्या साली त्या बाईचं पुन्हा बिनसलं. झोप गेली, बडबड सुरू झाली, विहिरीकडे धावायला लागली, आणि मुलगा तिला घेऊन आपल्याच दारात आला. शकूनं सासूचा दंड धरलेला, आणि सासूच आपल्या वॉर्डाची वाट दाखवत पुढं चाललेली. तूही तिथंच उभी. शकू काय समजायचं ते समजली. तिनं बापाकडे तक्रार केली नाही, सासूचा जुना आजार उलटलाय एवढंच कळवलं. बाकीचं जोडायला आबांना असा किती वेळ लागणार?

आबा आले तेव्हा मी औषधं वाटत होते, जाळीतून सगळं दिसत होतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. फाटकाशी उभे राहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "इंदे, तुला ठाव हुतं?"

तू फाटकाची कडी लावलीस, पुन्हा काढलीस.

"माझ्या लेकीचा प्रश्न हुता. तेवढ्यासाठीच तुला संगं नेलं हुतं मी."

"आबा, दुसरं काहीही विचार. हे मला विचारू नको."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि चालायला लागले. तू वॉर्डात येऊन माझ्या हातातला औषधांचा ट्रे घेतलास आणि राहिलेल्या गोळ्या वाटल्यास. एकीलाही चुकीची दिली नाहीस. ते बघून तर माझं डोकंच फिरलं.

त्या संध्याकाळी पायरीवर मी तुझ्यावर तुटून पडले. सख्ख्या भावाची लेक ती, तिच्यापेक्षा तुला पेशंट जवळची? तू म्हणालीस, शकू माझीच आहे, पण ती बाई माझ्या भरवशावर आपल्या घरी गेली होती. मी आबांना सांगितलं असतं, आबांनी स्थळ मोडलं असतं, आणि का मोडलं ते तिसगावात कळायला कितीसा वेळ लागला असता? मी विचारलं, आणि ती खाष्ट असती, सुनेला गांजणारी असती तर? तरी गप्प बसली असतीस? तू म्हणालीस, ती तशी नाही, तिचा आजार मी बघितलाय आणि तिचा स्वभावही, दोन्ही निराळे. हे उत्तर नव्हे, इंदू. मी 'असती तर' विचारलं होतं. नियम म्हणून गप्प बसलीस, की बाई चांगली म्हणून? चांगली म्हणून बसली असशील तर तुझा नियम कुठं राहिला? आणि नुसता नियम म्हणून असेल, तर शकूला तू वाऱ्यावर सोडलंस. किती वेळा विचारलं मी हे. दर वेळी तू उठून कुणाचा तरी ताप बघायला जायचीस. आता कोण सांगणार मला?

तुझ्यावर ओरडायला माझी जीभ कशी रेटली, हेही मनात येतं. माझ्या धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर मी नुसती रडत बसायचे. पोराला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही. मास्तर हबकून गेलेले, माझी सासू म्हणत होती बाहेरचं काहीतरी झालंय. तू टोपडी शिवायचं निमित्त काढून रोज यायचीस, शेजारी बसायचीस, माझी वेणी घालायचीस, आणि आजार हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाहीस. मी कामावर परत आले तेव्हा तू मला पहिलं काय विचारलंस? तर चादरी मोजल्यास का. जशी काही मी माहेरपण करून आले होते. आजवर कुणाला कळलं नाही. तेव्हा मला ते किती बरं वाटलं होतं, हे तुला सांगायचं राहून गेलं. भांडणात कधी जागाच मिळाली नाही त्याला.

दिवाळीला आबा आले नाहीत. भाऊबीजेला तू क्वार्टरच्या दारात रांगोळी काढलीस, पाट मांडलास, निरांजन लावलंस. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायचे दिवस, त्यातून कुठून तरी डाळ-गूळ मिळवून पुरण घातलंस. सुप्याकडून येणारी शेवटची एसटी येऊन गेली, तशी ते पुरण वॉर्डात आणून बायकांना वाटलंस. तिसगावची तेव्हा वॉर्डातच होती. पहिला घास तिला दिलास. मी तिथंच तुला म्हटलं, हेच का तुझं समाधान? तू म्हणालीस, आता नको गं. तुझा आवाज फुटला होता. मला तुझी कणव आली आणि त्याहून जास्त संताप आला. का, ते आजही मला धड सांगता येत नाही.

तुला पोचवायच्या दिवशी व्हरांड्यात ठेवलं होतं, ऊन चढत होतं. तुमच्यात बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, त्यासाठी सगळं खोळंबलेलं. आबा आले. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं, म्हणजे आणलं होतं. पण जवळ येईनात. त्या कडुलिंबाखालीच उभे राहिले, नजर विहिरीकडे. सुप्याच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आबा, द्या आता. ते म्हणाले, देतो. आणि दिलं नाही. मी आतल्या आत जळत होते. इतक्या बायकांना तू माणसांत आणलंस, आणि तुला पोचवायला कोण? आपल्या चार नर्सा, दोन मावश्या, थोडे पाहुणे आणि तोंड फिरवलेला भाऊ. मी सारखी फाटकाकडे बघत होते. कापडबाजारातली ती तरी येईल, असं वाटत होतं. कुणी आलं नाही. तूच शिकवलं होतंस ना जगाला.

मग तिसगावची आली, शकूबरोबर. तिला यायला काही अडचण नव्हती. विहीण म्हणून आली, बसली असती, रडली असती, गेली असती, कुणाला शंकाही आली नसती. ती समोरून येताना माझ्याकडे बघत होती आणि मी काय करावं? मी मान वळवली. अगं, ज्या नियमावरून तुझ्याशी जन्मभर भांडले, तोच माझ्या मानेत जाऊन बसलेला. आपोआप वळली.

ती माझ्याजवळ येऊन थांबली. "सिस्टर, वळख द्या की," म्हणाली. "मीच हाय."

मी तिचा हात धरला, तेवढंच. मग ती तुझ्या पायाशी बसली आणि कडुलिंबाकडे बघून मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आबा, मी ह्याच वॉर्डात हुते. दोन टायमाला. तुमी घर बघाया आलात तवा तुमच्या भनीनं मला वळखलं आन् माझी अब्रू झाकली. तिचं काय चुकलं आसंल ते माझ्यापायी चुकलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

बायकांची रडारड थांबली. सुप्याचे, तिसगावचे, सगळे पाहुणे ऐकत होते. उद्या गावात काय बोललं जाईल ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शकूनं पुढं होऊन सासूचा घसरलेला पदर डोक्यावर सारखा केला आणि तिच्याजवळ चिकटून बसली. आबा कडुलिंबाखालून आले. तुझ्याकडे बघत उभे राहिले आणि मग रडले, हमसून हमसून, टोपी तोंडात कोंबून. ते लुगडं त्यांनी मला दिलं नाही, शकूला दिलं नाही. तिच्या हातात दिलं. "इहीनबाई," म्हणाले, "तुमीच नेसवा."

आम्ही दोघींनी तुला नेसवलं. हिरवं होतं, बारीक काठाचं. विधवेला हिरवं; आबांनी रीत बघितली नव्हती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. निऱ्या घालताना ती मला हळूच म्हणाली, "मला शुद नव्हती तवा ह्याच नेसवायच्या." मी म्हणाले, माहीत आहे, मी पलीकडून धरायचे. इतक्या वर्षांत बऱ्या झालेल्या पेशंटशी वॉर्डाबद्दल बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. आणि ते तुझ्या अंगावर वाकून.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधे सोमवार येऊन गेला. मेट्रनबाईंना सांगितलं, मी मागच्याच वॉर्डात राहते. त्यांनी कारण विचारलं, मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. समाधान म्हणशील तर अजूनही वाटत नाही. तुझ्या वाट्याची ओळख मला मिळाली, तू डोळे मिटून पडलेली असताना. ती घेऊन मी पेढे खायला कुठल्या तोंडानं जाऊ? जीव थाऱ्यावर नाही माझा. ड्यूटी संपली की पायरीवर बसते, उठते, उगाच वॉर्डात चक्कर मारून येते. तुझ्या त्या 'जा की'चा अर्थ अजून लागलेला नाही. काल कापडबाजारात ती भांड्यांच्या दुकानात लपलेली पेशंट दिसली. परत आत शिरली. मी चिडले, चांगली चिडले, आणि हाक मारली नाही. डोकं ठिकाणावर आहे तिचं.

आज नवीन मुलगी आली. कपाट दाखवायच्या आधी तिला सांगितलं, बाहेर पेशंट भेटली तर आधी ओळख द्यायची नाही. आणि पुढं माझं एक जोडून दिलं. तिनं दिली, तर मान वळवायची नाही. मुलीनं बरं म्हटलं. तुला विचारायला तू नव्हतीस. इतक्या जणींना आपण 'परत येऊ नका' म्हणून फाटकापर्यंत पोचवलं, त्या दिवशी तुला तसं माझ्याच्यानं म्हणवलं नाही. माझं हे जोडलेलं तुला पटत नसेल तर ये, भांडू.